प्रभारी गुणवंता सर आणि खळीनं चिकटवलेली पानं

गुणवंता खोडे सर माझ्या घरासमोरच्या शाळेत एकतीस वर्षांपासून शिकवतात आणि गेली नऊ वर्षं ते तिथं प्रभारी प्रधानपाठक आहेत. प्रभारी म्हणजे खुर्ची तीच, कामं तीच, शिव्याही त्याच, फक्त दारावरच्या पाटीत हुद्द्याच्या आधी एक शब्द जास्त. त्या एका शब्दानं या माणसाला आतून पोखरलं आहे. थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तो घालावा की गाळावा, यावर त्यांनी तीन दिवस काढले. गाळला तर संस्थेचे सचिव बघणार, घातला तर व्याही बघणार. शेवटी इतक्या बारीक टायपात घातला की व्याह्यांनी चष्मा लावून वाचला आणि भर मांडवात हाक मारली, "या, प्रभारी साहेब!"

आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशातला नवा जिल्हा झाल्यापासून तर दुखणं वाढलं. गावातला प्रत्येक माणूस एकेक पायरी वर चढला. तहसिलीतले बाबू जिल्ह्याचे बाबू झाले, पेंटरांना पाट्या रंगवून उसंत मिळेना, आणि शेजारच्या सौंसरची माणसं आता कागदांसाठी आमच्याकडे येतात याचंच आम्हाला केवढं समाधान. गुणवंता सर मात्र होते तिथंच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला, पाटीवरचा शब्द गेला की पायी दर्शनाला येईन. त्यांची बायको चंद्रकला मला म्हणाली, "काकू, इथून चौकापर्यंत जायले स्कूटर लागते यायले. मारुतीलेबी मालूम असन, म्हणून ऐकत नाई तो."

आमचे हे असताना गुणवंता सर नवे मास्तर म्हणून आमच्याकडे चहाला येत. तेव्हापासून मी त्यांना बघते आहे. माणूस वाईट नाही. कुणाचं वाईट करायचं तर आधी त्या गोष्टीची नीट माहिती काढावी लागते, आणि तेवढी तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

गेल्या जुलैत वरून सूचना आली. आठवीच्या मुलांनी वर्षभरात एक आख्खी कादंबरी वर्गात वाचायची आणि डिसेंबरात जिल्ह्यातून कोणीतरी येऊन तो तास बघणार. संस्थेचे सचिव दत्तात्रयराव हे संत्र्यांचे बागाईतदार. त्यांनी गुणवंता सरांना बोलावून सांगितलं, "सर, हा तास चांगला झाला पाहिजे. झाला, तं तुमचा परमनंटचा प्रस्ताव मी पुढं रेटतो. नाई झाला, तं मंग मले काई म्हणू नका."

नागपूरहून पस्तीस प्रती आल्या. कुमारवयाच्या मुलांसाठीची कादंबरी, एकशे बारा पानं, मधून मधून रेघांची चित्रं. वेणू नावाची आठवीतली मुलगी आणि तिची शाळा, असा विषय. पुस्तकाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण जे झालं त्यात पुस्तकाचा काही दोष नाही.

चौतीस प्रती मुलांना गेल्या. पस्तिसावी गुणवंता सर माझ्याकडे घेऊन आले.

"काकू, तुमी कॉन्व्हेंटच्या. तुमी वाचा आन् मले दोन पानांत लिहून द्या, काय हाय त्यात."

"आमच्या सिस्टर पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर तोंड उघडू देत नसत," मी म्हटलं. "तुम्हीच वाचा. एकशे बारा तर पानं आहेत."

"वाचतो नं. पोळा होऊ द्या."

पोळा झाला, मग गणपती होऊ द्या झालं, मग दसरा. पुस्तक माझ्याकडेच राहिलं. मी ते दोन दिवसांत वाचलं आणि मला आवडलं.

खरी अडचण अशी होती की त्या कादंबरीचं गाईड निघालेलं नव्हतं. गाईडशिवाय एखादी गोष्ट शिकवायची वेळ गुणवंता सरांवर एकतीस वर्षांत आली नव्हती. पण त्यांनी वाट काढली. वर्गात सायलीनं उभं राहून एक पान मोठ्यानं वाचायचं. सायली म्हणजे सावरगावची सायली गजभिये, जाम नदीचा पूल ओलांडून रोज शाळेत येणारी, वर्गात सगळ्यांत स्वच्छ वाचणारी. तिनं पान संपवलं की सरांनी विचारायचं, "यावरून आपल्याला काय बोध होतो?" मग बोध सरांनीच सांगायचा आणि मुलांनी वहीत उतरवायचा. वेणू झाडावर चढली. बोध, झाडे लावा. वेणूचं आजीशी भांडण झालं. बोध, मोठ्यांचे ऐकावे. वेणूची शेळी व्याली. बोध, प्राणिमात्रांवर दया करा. खिडकी रस्त्याकडे असल्यामुळे हा सगळा कार्यक्रम मला ओसरीत बसून ऐकू येई. एका दिवशी वेणू चक्क काहीच करत नव्हती, खाटेवर पडून कंटाळली होती. सरांनी जरा विचार केला आणि सांगितलं, "वेळ अमूल्य आहे. लिहा."

कादंबरी शिकवणं इतकं सोपं असेल, असं ती लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल.

सप्टेंबरात दत्तात्रयराव शाळेत आले आणि टेबलावर पडलेली एका मुलाची प्रत त्यांनी चाळली. त्यांची वाचायची पद्धत म्हणजे चित्रं बघणं. चौसष्टाव्या पानावर चित्र होतं. एक मुलगी हातात घडी केलेला कागद घेऊन उभी, डोळे खाली, आणि थोडं पलीकडे एक मुलगा मान वळवून रस्त्याकडे बघतो आहे.

"सर, हे काय होय?"

गुणवंता सर वाकून बघू लागले. त्यांनीही ते चित्र पहिल्यांदाच पाहिलं.

"पोट्टी चिठ्ठी देऊन राहिली पोट्ट्याले," दत्तात्रयरावांनी निकाल दिला. "आन् हे तुमी आठवीले शिकवून राहिले? पालक माझ्या घरी येतीन, तुमच्या नाई."

त्या चित्राच्या वर तेवीस ओळी छापलेल्या होत्या आणि खाली अकरा. मी मोजल्या आहेत. दोघांपैकी एकानंही त्यांतली एक ओळ वाचली असती तर ही हकिगत मला लिहावी लागली नसती. पण तिथं वाचायचं काय, चित्र समोरच होतं.

अशा प्रसंगी काय करायचं याची त्या शाळेत जुनी रीत आहे. आठवीच्या विज्ञानात वयात येण्यावर एक धडा आहे. तो दरवर्षी पुस्तकं वाटण्याआधी शाळेचा शिपाई हेमराज खळीनं चिकटवून टाकतो. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेला लगदा, ज्यानं गोटमारीच्या आधी शांततेची पत्रकं चिकटवतात. तोच डबा, तोच कुंचला. साठ ते एकोणसत्तर या पानांच्या कडा चौतीस प्रतींमध्ये एका दुपारी बंद झाल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, हीच मुलं नदीकाठी उभी राहून दगडांनी माणसांची डोकी फुटताना बघून आली होती. त्याला कोणी खळ लावली नव्हती.

संध्याकाळी मी गुणवंता सरांना फाटकाशी गाठलं.

"सर, त्या पानांमध्ये प्रेमबिम काही नाही हो. ती मुलगी..."

त्यांनी दोन्ही हात वर केले. "काकू, मले नका सांगू. मले मालूम नसलं, तं उद्या मी म्हणू शकतो का मले मालूम नाई."

"पण तुम्ही शिकवता आहात ना ते?"

"शिकवून राहिलो नं. एकोणसाठ पानं झाली. आता सत्तरपासून घेतो."

एवढं बोलून ते स्कूटरवरून निघून गेले. मधली पानं सोडून गोष्ट पुढं कशी लागणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण झाडे लावा आणि वेळ अमूल्य आहे यांच्यामध्येही काही लागत नव्हतंच.

पुढं जे झालं ते मला सायलीच्या आईकडून कळलं. छाया संत्र्यांच्या वखारीत माल निवडायला जाते आणि जाता येता माझ्याकडे टेकते. ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि हसतच सुटली.

"काकू, त्या पुस्तकाचं समजलं का तुमाले?"

"काय समजायचं?"

"सायलीनं घरी आणलं. मधलं पुरं जाम. मी म्हटलं, आजपर्यंत एका पुस्तकाले हात लावला नाई माह्या पोरीनं घरी, आन् हे छातीशी धरून बसली. एवढं काय हाय व माय त्यात? भाताचं पातेलं उकळून राहिलं होतं. धरलं वाफेवर. पान कसं सुटलं म्हणता, लग्नाच्या पत्रिकेवरचं तिकीट सुटते तसं!"

"आणि तुम्ही वाचलंत?"

"दोघीनं वाचलं. मंग शेजारची करुणा आली, तिच्या पोराचं पुस्तक घेऊन. तिनं कुकरच्या शिट्टीवर धरलं, तिचं जरा फाटलं." छायाचं हसू थोडं ओसरलं. "काकू, त्या वेणूच्या शाळेत पोरीइच्या संडासाले आतून कडी नाई. म्हणून ती हेडमास्तरले चिठ्ठी लिवते. तो पोरगा बिचारा कोणी येते का म्हणून पाहून राहिला रस्त्याकडं."

"मला माहीत आहे. माझी प्रत सुटी आहे."

"मंग हे माहीत हाय का, का इथंबी नाई?"

"काय नाही?"

"कडी! समोरच्या शाळेत. एक पोरगी आत जाते, दुसरी बाहेरून दार धरते. सायली तं सकाळपासून पाणीच पेत नाई. साडेचारले सुटली का येतात नं पोट्ट्या तुमच्या रांजणावर, गटगट पेतात? कायले येतात, कधी विचारलं तुमी?"

मी विचारलं नव्हतं. डायरीत मात्र लिहिलं होतं. 'आज नऊ मुली पाणी पिऊन गेल्या.' 'आज अकरा.' 'ऊन फार, बारा.' सहा वर्षांच्या नोंदी आहेत, तारखेसह, सुवाच्य अक्षरात. गुणवंता सरांवर हसायचा मला कितपत अधिकार आहे, हे त्या दिवशी मी माझं मला विचारलं. तरीही हसणं काही थांबलं नाही, हेही लिहून ठेवते.

पंधरा दिवसांत चौतीसच्या चौतीस पुस्तकं वाफेवर धरून झाली होती. कुणी भातावर, कुणी चहाच्या आधणावर, आणि एकानं शेगडीवर धरून कोपरा जाळला. आया वाचत होत्या, आज्यांना वाचून दाखवत होत्या. बाकीची कादंबरी मुलांनी सरांच्या भीतीनं वाचली असेल, ही दहा पानं मात्र त्यांनी स्वतःहून, एकमेकांना विचारून वाचली. मुलांना पुस्तकाकडे कसं वळवावं यावर सरकार शिबिरं घेतं. हेमराजला बोलवायला हवं.

डिसेंबरात तास ठरला. आदल्या दिवशी गुणवंता सरांनी पेंटरकडून नवी पाटी रंगवून आणली. 'श्री. गुणवंता खोडे, प्रधानपाठक.' पिवळ्यावर काळी, आधीचा तो शब्द नसलेली. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली, पण ठेवायच्या आधी मला दाखवून गेले.

"घाई नाही ना होत, सर?"

"साहेब लोक आले असताना पाटी तयार पाहिजे, काकू."

मला गावातली ज्येष्ठ नागरिक म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. जिल्ह्यातून आलेल्या अधिकारी बाई तिशीच्या, हिंदी बोलणाऱ्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या. दत्तात्रयराव पहिल्या रांगेत पाय पसरून बसले. गुणवंता सरांनी नवा सदरा घातला होता आणि पंचाहत्तरावं पान निवडलं होतं. त्या पानावर वेणू आंबे खाते. बोधही त्यांनी सायलीकडून पाठ करून घेतला होता.

बाईंनी पुढच्या बाकावरच्या मुलाचं पुस्तक सहज उचललं. मधली पानं फुगून पापडासारखी झालेली.

"ये पन्ने ऐसे क्यों हैं?"

"मॅडम, बारिश में भीग गए," सर म्हणाले.

बाईंनी दुसरं पुस्तक घेतलं. मग तिसरं.

"सबके? एक ही जगह?"

मुली तोंडावर ओढणी धरून हसू लागल्या. दत्तात्रयराव खोकले.

"वो... उतना सिलेबस में नहीं है, मॅडम," सर म्हणाले.

"अच्छा? तो किसने पढ़ा है ये?"

चौतीस हात वर गेले. गुणवंता सरांच्या वर्गात एकाच वेळी सगळे हात वर गेल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाई सोडल्या तर ती पानं न वाचलेले वर्गात दोघंच होते. एक पहिल्या रांगेत आणि एक फळ्याजवळ.

बाईंनी सायलीला उभं केलं. सायलीनं आधी सरांकडे बघितलं. सर फळ्याकडे बघत होते. मग तिनं सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं आपल्या बोलीत, पण सगळं. कडी, चिठ्ठी, दिवसभर पाणी न पिणं, आणि वेणूच्या हेडमास्तरांनी ती चिठ्ठी न वाचता टेबलाच्या खणात टाकली ते.

"और तुम्हारे यहाँ?" बाईंनी विचारलं.

सायलीनं मागं वळून मुलींकडे बघितलं. याचं उत्तर कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. गुणवंता सर फळ्याकडून वळले. ते एक शब्द जरी खरं बोलले असते तरी त्यांचं निभावलं असतं, असं मला आजही वाटतं. ते म्हणाले, "मॅडम, सब व्यवस्थित है. कडी बराबर है."

"चलिए, दिखाइए."

सगळी वरात मागच्या अंगणात गेली. बाईंनी दार ढकलून बघितलं, आत कडी उखडल्याचा लाकडावरचा चट्टा बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आप अंदर जाइए. बंद कीजिए."

गुणवंता सर आत गेले. दार बंद झालं आणि आपोआप चार बोटं उघडलं. पुन्हा बंद झालं. मग खालच्या फटीतून त्यांचा नवा बूट दिसला, दाराला आतून टेकवलेला. बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला सायली पुढं झाली आणि सवयीनं बाहेरून दार धरून उभी राहिली. "सर, पाय काढा," ती आत वाकून म्हणाली. "मी धरलं."

त्यावर कोणी हसलं नाही. दत्तात्रयराव तेवढ्यात गाडीत जाऊन बसले होते.

प्रस्ताव परत आला. दत्तात्रयरावांनी गुणवंता सरांना सांगितलं, "मले काय मालूम, पोरीइचा संडास मी पाहतो का?" आणि तो विषय संपवला. कडी बसवायला संस्थेकडून मंजुरी लागते आणि मंजुरीला बैठक लागते, म्हणून तो कागदही वर गेला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी ओसरीतून ठोकाठोकी ऐकली. गुणवंता सर स्वतः मागच्या अंगणात उकिडवे बसून दाराला कडी ठोकत होते आणि हेमराज खिळे देत होता. कडी पितळेची, जाड, जुन्या घडणीची. ती ओळखीची वाटली म्हणून मी हेमराजला विचारलं.

"ऑफिसच्या दाराची होय, काकू," तो म्हणाला. "सरनं सोताच काढली. आता दुपारी जेवण झाल्यावर ऑफिस बंद करता येत नाई त्यायले. आजपासून झोप नाई."

दुपारची ती झोप नऊ वर्षं चाललेली होती. त्या खुर्चीनं त्यांना पाटीवरचा शब्द सोडून जे काही दिलं होतं, ते हेच. मी डायरीत लिहिलं, 'आज सर जागे.'

नवी पाटीही वाया गेली नाही. पेंटरनं तीच परत घेतली. प्रधानपाठकाच्या आधी जागाच नव्हती, म्हणून 'प्रभारी' हा शब्द त्यानं वर, नावाच्या डोक्यावर लिहिला, मुंडावळ्या बांधल्यासारखा. आता तो रस्त्यावरूनही वाचता येतो.

आठवड्यानं गुणवंता सर माझ्याकडे आले. बसले, चहा घेतला, नातवंडांची चौकशी केली. मग म्हणाले, "काकू, ते पुस्तक हाय का तुमच्याजवळ? सुट्या पानांचं?"

मी काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं.

"मले एवढं सांगा, तो त्यातला हेडमास्तर... त्याचं शेवटी काय होते? परमनंट होते का नाई?"

"वाचलं की कळेल."

"अवो, तुमी वाचलं नं. सांगून द्या दोन शब्दांत."

"नाही सांगणार."

ते जरा रुसले, पण पुस्तक घेऊन गेले. आता दुपारी ऑफिसचं दार उघडं असतं आणि ते खुर्चीत बसून वाचताना मला ओसरीतून दिसतात. बोट ओळीखाली, ओठ हलत असलेले. मध्ये एकदा खिडकीतून त्यांचा आवाज ऐकला. सायलीला विचारत होते, "अगं, हे शेळीचं कायले टाकलं मधात?" आणि ती त्यांना सांगत होती.

काल साडेचारला शाळा सुटली तेव्हा रांजणावर तिघीच आल्या. फाटकातून गुणवंता सर स्कूटर ढकलत निघाले होते. मी विचारलं, "कुठपर्यंत आलात, सर?"

"चित्रापर्यंत," ते म्हणाले, आणि स्कूटर स्टँडवर लावून पुन्हा आत गेले. पुस्तक खुर्चीवरच राहिलं होतं.